बियावोव्येझाचे अरण्य आणि झुब्रांची वही

पोलंडच्या पूर्व सीमेवर बियावोव्येझा नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावातील जुन्या राजोद्यानात, तळ्यांच्या मध्ये, वालुकाश्माचा एक स्तंभ उभा आहे. स्तंभ म्हटला की एखाद्या लढाईची किंवा एखाद्या वीराच्या मरणाची आठवण तेथे कोरलेली असावी असे आपण धरून चालतो. या स्तंभावर मात्र कोरलेला आहे तो एका शिकारीचा हिशेब. २७ सप्टेंबर १७५२ रोजी पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याने येथे सहकुटुंब शिकार केली. मारलेल्या जनावरांची यादी येणेप्रमाणे आहे: झुब्र ४२, पैकी मोठे नर ११, लहान नर ७, माद्या १८, वासरे ६; मूस जातीची हरणे १३, पैकी नर ६, माद्या ५, पाडसे २; रो जातीची छोटी हरणे २. एकूण ५७. सर्वांत मोठ्या झुब्राचे वजन काय भरले तेही नोंदविण्यास कोरणारा विसरलेला नाही. राजा सॅक्सनीचाही अधिपती असल्यामुळे मजकूर पोलिश आणि जर्मन अशा दोन भाषांत आहे. राणीने त्या दिवशी मचाणावर बसून, हातातील कादंबरी वाचता वाचता, वीस झुब्र टिपले अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, स्तंभावर कादंबरीचा उल्लेख नाही.

आमचा चरितार्थ नोंदवह्यांवर चालतो. राजधानीतील एका केंद्रीय कचेरीत आवक-जावक, वर्गवारी आणि गोषवारा यांत आमची बारा वर्षे गेली. वह्यांची जागा संगणकाने घेतली तरी रकाने तेच राहिले. त्यामुळे या स्तंभाचे वर्णन प्रथम वाचले तेव्हा आमचे लक्ष राजाकडे किंवा शिकारीकडे न जाता 'पैकी' या शब्दाकडे गेले. नर किती, मादी किती, वासरे किती! हा कोणा कारकुनाचा हात आहे हे आम्हांस ताबडतोब ओळखू आले. मग त्या अरण्याविषयी जे जे मिळेल ते वाचण्याचा नाद लागला, आणि असे ध्यानात आले की या भूमीचा सारा इतिहासच मोजदादीचा इतिहास आहे. एका वहीत एक प्राणी कायमचा वजा झाला, दुसऱ्या वहीत दुसरा एक प्राणी शून्याच्या काठावरून परत जमा झाला. त्याची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे.

परंतु जनावरांच्या आधी जमीन पाहिली पाहिजे, कारण ही जमीन घडविणारा शिल्पकार काही निराळाच आहे.

जर्मनीपासून पोलंड, लिथुआनिया, बेलारूसपर्यंत युरोपचे जे विस्तीर्ण मैदान पसरलेले आहे त्यात डोंगर नाहीत, खडक नाहीत. आणि तरीही शेतात, रानात, नदीच्या पात्रात ठिकठिकाणी प्रचंड शिळा पडलेल्या आढळतात. काही शिळा तर घराएवढ्या. आसपास कोठेही न सापडणारा हा ग्रॅनाइट येथे आला कसा? खेडुतांनी त्याचे श्रेय सैतानाला देऊन टाकले होते. विद्वानांनी महापुराला दिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भूशास्त्रज्ञांचे मत असे होते की पूर्वी येथे समुद्र असावा व त्यावर तरंगत आलेल्या हिमखंडांनी वितळता वितळता हे धोंडे खाली टाकले असावेत. स्वित्झर्लंडच्या लुई आगासीने १८३७ साली हिमयुगाची कल्पना मांडली होती. पण आल्प्ससारख्या उंच पर्वतातील हिमनद्या पसरल्या असे म्हणणे वेगळे आणि सपाट मैदानावर शेकडो कोस बर्फाची लादी सरकत आली असे म्हणणे वेगळे. अखेर १८७५ च्या नोव्हेंबरात ओटो टोरेल नावाच्या स्वीडिश भूशास्त्रज्ञाने बर्लिनजवळ र्यूडर्सडॉर्फ येथील चुनखडीच्या खाणीत खडकावर ओढलेले समांतर ओरखडे पाहिले. तसे ओरखडे त्याच्या परिचयाचे होते. हिमाच्या तळाशी अडकलेले दगड खडकावरून फरफटत गेले म्हणजेच ते उमटतात. त्याच दिवशी संध्याकाळी बर्लिनच्या विद्वत्सभेत त्याने सांगितले की स्कँडिनेव्हियातील हिम येथवर, या पायाखालच्या भूमीवर, येऊन गेले आहे. ते मत सर्वमान्य होण्यास काही वर्षे लागली, परंतु शिळांचा उलगडा झाला. त्या स्वीडन-फिनलंडकडच्या होत्या.

हे हिम एकदा आले आणि गेले असे नाही, अनेकदा आले. प्रत्येक वेळी त्याने उत्तरेकडून माती, वाळू, दगडगोटे खरवडून आणले आणि वितळताना जेथल्या तेथे टाकून दिले. या मिश्र राशीला आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत हिमोढ म्हणतात. हिमाच्या कडेशी वितळलेले पाणी वाट काढीत वाहिले व त्याने रुंद, उथळ दऱ्या कोरल्या. बियावोव्येझाच्या उत्तरेस असलेली ब्येब्झा नदीची अफाट दलदल अशाच एका दरीत साचलेली आहे. शेवटचे हिम सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी मझुरियाच्या प्रदेशापर्यंत येऊन थांबले. ते ताजे असल्यामुळे मझुरियात आजही हजारो सरोवरे आहेत. खळगे अजून बुजलेले नाहीत. बियावोव्येझापर्यंत मात्र हे शेवटचे हिम पोचलेच नाही. तेथील जमिनीवर अखेरचा हात फिरला तो त्याच्या आधीच्या हिमाचा, म्हणजे सव्वा ते दीड लक्ष वर्षांपूर्वीचा. एवढ्या अवधीत तळी गाळाने व पीटाने भरून गेली, टेकड्यांचे कोपरे झिजले. म्हणून बियावोव्येझात आज नैसर्गिक सरोवर असे नाही. आहेत त्या दलदली, संथ ओढे आणि समुद्रसपाटीपासून दीडशे-पावणेदोनशे मीटर उंचीची, किंचित लाटांसारखी वरखाली होणारी भूमी. या नगण्य चढउतारावरूनच बाल्टिक समुद्र आणि काळा समुद्र यांचा जलविभाजक जातो. एकाच पावसाचे थेंब येथून दोन समुद्रांना वाटले जातात.

आता गंमत अशी की अरण्याचा नकाशा आणि हिमाचा नकाशा हे एकमेकांवर ठेवले तर जुळतात. हिमाने जेथे चिकणमातीचा हिमोढ टाकला तेथे सुपीक जमीन झाली, व तिच्यावर ओक, लिंडेन आणि हॉर्नबीम यांचे घनदाट रान उभे राहिले. वितळलेल्या पाण्याने जेथे नुसती वाळू पसरली तेथे पाईन आला. खळग्यांत आल्डर पाण्यात पाय बुडवून उभा आहे, ओढ्यांच्या काठी ॲश, आणि जुन्या तळ्यांच्या जागी साचलेल्या पीटावर खुरटलेले पाईन व स्प्रूस. चांगल्या जमिनीत हाच स्प्रूस पन्नास मीटरपर्यंत चढतो. पोलिश भाषेत अशा आदिम अरण्याला 'पुश्चा' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी 'रिकामे, ओसाड' असा अर्थ आहे. माणूस नसलेली जागा ती ओसाड, हा हिशेब सर्वत्र सारखाच दिसतो.

या ओसाडीत राहणाऱ्यांची मोजणी पुढे झाली आहे: सस्तन प्राण्यांच्या ५९ जाती, पक्ष्यांच्या २५० हून अधिक, आणि कीटकादी अपृष्ठवंशीयांच्या बारा हजारांहून अधिक. लांडगे आहेत, लिंक्स आहे, ओढ्यांना बांध घालणारा बीव्हर आहे. पण येथील खरे वैभव मेलेल्या लाकडात आहे. इतरत्र वनखाते पडलेले झाड उचलून नेते. येथील राखीव भागात ते पडले तेथेच कुजते. त्यावर बुरशी, शेवाळे, भुंगेरे यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होते. त्या अळ्यांवर पांढऱ्या पाठीचा आणि तीन बोटांचा असे दोन दुर्मिळ सुतारपक्षी जगतात. सुतारपक्ष्यांनी सोडलेल्या ढोल्यांत चिमुकले घुबड राहते. आणि कुजलेल्या खोडावरच स्प्रूसचे नवे रोप धरते. मेलेल्या झाडात जिवंत झाडापेक्षा जास्त बिऱ्हाडे असतात असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि या सर्वांचा राजा झुब्र. हा युरोपातील रानगवा. येथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे. इंग्रज शिकाऱ्यांनी आपल्या सह्याद्रीतील गव्याला 'बायसन' म्हटले, आणि ते नाव इतके रुळले की कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे जंगल १९५८ साली राखीव झाले तेव्हा तेही 'बायसन' अभयारण्य म्हणूनच प्रसिद्धीस आले. वस्तुतः गवा हा गाईबैलांच्या जवळचा. झुब्र हा अमेरिकन बायसनचा भाऊबंद. आपल्या गव्याचे अंग काळेभोर व तुळतुळीत, पायांत पांढरे मोजे. झुब्र तपकिरी, केसाळ, दाढीवाला, पुढून उंच आणि मागून उतरता. पूर्ण वाढलेला नर आठ-नऊशे किलोपर्यंत भरतो. एवढे धूड, पण झाडांतून जाताना पाचोळा वाजू देत नाही असे पाहणारे सांगतात.

असे अरण्य मैदानी युरोपात एकेकाळी सर्वत्र होते. मग नेमके हेच का उरले? कारण उघड आहे. राजांना शिकार हवी होती. १४०९ च्या हिवाळ्यात राजा यागिएलो याने बियावोव्येझात मोठी शिकार करविली. मांस खारवून पिंपांत भरले आणि नारेव्ह व व्हिस्टुला या नद्यांतून खाली पाठविले. पुढल्या वर्षी ग्रुनवाल्डच्या रणात ट्यूटनिक सरदारांचा पराभव करणाऱ्या फौजेने ते खाल्ले. ज्या ओकवृक्षाखाली राजाने विश्रांती घेतली तो 'यागिएलोचा ओक' म्हणून पुढे दाखविला जात असे. १९७४ साली तो कोसळला, आणि तज्ज्ञांनी त्याचे वय साडेचारशेच्या आसपास ठरविले! म्हणजे राजा तेथे आला तेव्हा ते झाड उगवलेलेही नव्हते. आपल्याकडेही अशी झाडे पुष्कळ आहेत. त्यांचे वय कोणी काढू नये हे बरे.

अरण्याच्या रक्षणासाठी काठावरील गावांत वंशपरंपरा रक्षक नेमलेले असत. त्यांना जमीन मिळे, इतर वेठ माफ असे. त्या बदल्यात त्यांनी वाटा राखाव्या, चोरट्यांना धरावे, आणि राजा येईल तेव्हा जनावरे हाकून आणावी. आपल्या वतनदारीची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था होती. पण वतन दिले म्हणजे जनावर वाचतेच असे नाही, हे पोलंडमध्येच दुसऱ्या एका रानात दिसून आले.

वॉर्सॉच्या पश्चिमेस याक्तोरूव्ह येथे ऑरॉक्स नावाच्या रानबैलाचा अखेरचा कळप होता. पाळीव गुरांचा हा मूळ पूर्वज. त्याच्यावरही राजाचे संरक्षण होते. गावकऱ्यांना त्याच्या देखभालीसाठी सवलती होत्या, आणि राजाचे तपासनीस अधूनमधून येऊन मोजणी करून जात. त्यांचे कागद आजही आहेत. १५६४ च्या मोजणीत ३८ जनावरे. शतकाच्या अखेरीस २४. १६२० मध्ये एक, फक्त एक गाय. १६२७ मध्ये ती मेली. गावची गुरे त्याच कुरणांत चरत राहिली, चारा संपत गेला, आणि तपासनीस दर खेपेस येऊन आकडा लिहून जात राहिले. या नोंदींत खाडाखोड नाही, दुर्लक्ष नाही, सगळे व्यवस्थित आहे. आमच्या कचेरीत जुने कागद निवडून बाद करण्याची मोहीम दर काही वर्षांनी निघते. एकदा त्या कामावर असताना एका बंद पडलेल्या खात्याच्या वह्या हाती आल्या होत्या. दर महिन्याचा गोषवारा, शेवटच्या महिन्यापर्यंत, सुवाच्य. याक्तोरूव्हचा तो आकडा वाचला की आम्हांस त्या वह्या आठवतात.

१७९५ मध्ये पोलंडची तिसरी आणि अखेरची फाळणी झाली व बियावोव्येझा रशियाच्या ताब्यात गेले. प्रथम लूट झाली, रक्षकांचे वतन गेले, जमिनी सरदारांना वाटल्या गेल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झार पहिला अलेक्झांडर याने झुब्राला पुन्हा संरक्षण दिले. संख्या वाढत वाढत १८५७ मध्ये सुमारे १९०० पर्यंत गेली. मग झारांनाही शिकारीचा छंद लागला. शिकारीला विविधता हवी म्हणून बाहेरून हरणे आणून सोडण्यात आली. त्यांतील एक व्यवहार लक्षात ठेवण्याजोगा आहे: १८६५ मध्ये सायलेशियातील प्लेसच्या जमीनदाराला चार झुब्र, एक नर व तीन माद्या, देण्यात आले आणि त्यांच्या मोबदल्यात लाल हरणे घेण्यात आली. त्या हरणांची आणि त्यांच्यासारख्या इतरांची संतती अरण्यात इतकी माजली की त्यांनी झुब्रांचा चारा खाऊन टाकला, कोवळी रोपे वर येऊ दिली नाहीत. व्यवहार तोट्याचा झाला असे त्या वेळी कोणीही म्हटले असते.

१८९४ पर्यंत तेथे झारचा राजवाडा उभा राहिला, त्यानंतर आगगाडीही आली. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास झुब्रांची संख्या सातशेच्या थोडी वर होती. १९१५ च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा अरण्यात शिरल्या. त्यांनी अरुंद रुळांच्या गाड्या टाकल्या, लाकूड कापण्याचे कारखाने घातले, आणि जे अरण्य पाच शतके राजांनी राखले ते साडेतीन वर्षांत ठिकठिकाणी सपाट केले. जर्मन वनाधिकाऱ्यांनी पुढे झुब्रांच्या शिकारीवर बंदी घातली हे सांगितले पाहिजे. परंतु १९१८ च्या अखेरीस फौजा परतू लागल्या, कोणाचेच राज्य उरले नाही. भुकेलेले शिपाई, भुकेलेले गावकरी, आणि सर्वांच्या हाती बंदुका. १९१९ च्या आरंभीच्या महिन्यांत अरण्यातील शेवटचा झुब्र मारला गेला. कॉकेशसच्या डोंगरांत त्याची दुसरी एक उपजात उरली होती. तीही १९२७ मध्ये संपली. रानात झुब्र हा प्राणी राहिला नाही.

१९२३ मध्ये पॅरिस येथे निसर्गसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे यान श्तोल्त्समन या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने सांगितले की झुब्र अजून पूर्ण नष्ट झालेला नाही. निरनिराळ्या देशांच्या प्राणिसंग्रहालयांत आणि जमीनदारांच्या कुंपणांत काही जनावरे आहेत, ती एकत्र विचारात घेतली तर वंश टिकविता येईल. त्याच वर्षी यासाठी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. पाच वर्षांपूर्वी एकमेकांवर तोफा डागणारी राष्ट्रे त्यात होती. मंडळाने पहिले काम हाती घेतले ते नोंदीचे. कोठे किती झुब्र आहेत, त्यांचे आईबाप कोण, अमेरिकन बायसनशी संकर झालेला आहे की नाही, याची एकेका जनावरागणिक चौकशी झाली. शुद्ध रक्ताचे असे ५४ निघाले. त्यांच्याही वंशावळी मागे मागे नेल्या तेव्हा असे दिसले की या सर्वांचे, आणि म्हणून आज पृथ्वीवर असलेल्या एकूण एक झुब्रांचे, मूळ पूर्वज अवघे बारा आहेत. बियावोव्येझाच्या मैदानी वंशाचे मूळ तर केवळ सातांवर येते. कॉकेशसच्या उपजातीचा एकच नर या बारांत आहे. आणि प्लेसच्या जमीनदाराकडे १८६५ मध्ये हरणांच्या बदल्यात गेलेल्या त्या चार जनावरांचे रक्त वाचलेल्यांमध्ये होते. तोट्याचा तो व्यवहार असा वसूल झाला.

१९३२ मध्ये या नोंदी पुस्तकरूपाने जर्मनीत प्रसिद्ध झाल्या. झुब्रांची वंशावळीची वही ती हीच. रानटी प्राण्यांच्या बाबतीत असे पुस्तक यापूर्वी कोणी ठेवलेले नव्हते. घोड्यांचे ठेवीत, श्वानांचे ठेवीत. प्रत्येक जनावराला क्रमांक, प्रत्येकाला नाव, आईबापांचा क्रमांक, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. कोणत्या केंद्रात जन्म झाला हे नावाच्या आद्याक्षरांवरूनच कळावे अशी पद्धत पडली. पोलंडच्या मैदानी वंशातील वासरांची नावे 'पो' पासून सुरू होतात, प्लेसच्या वंशाची 'प्ल' पासून. याक्तोरूव्हच्या तपासनिसांनी नुसती डोकी मोजली होती. येथे कोणाची गाठ कोणाशी घालावयाची हे वही पाहून ठरत होते. इतक्या थोड्या आप्तांत सोयरीक जमविणे म्हणजे काय कटकट असते हे आपल्या लग्नाळू मंडळींना सांगावयास नको.

मधल्या काळात पोलंड स्वतंत्र झाले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ व्लादिस्लाव शाफेर यांच्या आग्रहाने १९२१ मध्ये अरण्याचा गाभा राखीव झाला, आणि १९३२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या गाभ्याचे क्षेत्र सुमारे ४७ चौरस किलोमीटर. उरलेल्या भागात त्याच सरकारने १९२४ मध्ये एका ब्रिटिश कंपनीला झाडे तोडण्याचा मक्ता दिला, तो १९२९ मध्ये मोडला. त्याच १९२९ साली पहिले झुब्र विकत आणून बियावोव्येझाच्या कुंपणात सोडण्यात आले. नव्या राज्याला पैसा हवा होता आणि प्रतिष्ठाही हवी होती. दोन्ही एकाच अरण्यातून काढावयाची होती.

मग दुसरे महायुद्ध. १९३९ मध्ये अरण्य सोव्हिएत सत्तेच्या हाती गेले. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पूर्व पोलंडमधून जी पहिली मोठी हद्दपारी झाली तिच्या यादीत सैनिकी वसाहतवाल्यांबरोबर वनरक्षकांची कुटुंबे मुद्दाम घातलेली होती. रान ओळखणारा माणूस सत्तेला नको असतो. गाड्या भरून ही कुटुंबे सैबेरियाकडे गेली. पूर्व पोलंडमधून असे देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे येऊन पोचले आणि १९४८ पर्यंत तेथे राहिले. पंचगंगेच्या काठी त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. जुन्या कोल्हापूरकरांना त्यांची आठवण असे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी मासिक चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना घरापासून दूर भाषा कशी सांभाळावी लागते याची थोडी कल्पना आहे. परंतु आम्ही बदलीच्या हुकमावर आलो, ते संगिनीच्या टोकावर आले. तुलना येथेच थांबलेली बरी.

१९४१ मध्ये जर्मन पुन्हा आले. हर्मन ग्योरिंग पूर्वी पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचा पाहुणा म्हणून येथे शिकारीस येत असे. आता तो मालक झाला. झुब्र सांभाळले गेले, आणि अरण्यातील खेडी जाळून माणसे हाकलली गेली. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी झारचा राजवाडा पेटविला. युद्ध संपले तेव्हा नवी सरहद्द बरोबर अरण्याच्या मधून गेली.

या काळोखात वहीचे काय झाले? वॉर्सॉच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख यान झाबिन्स्की यांचे नाव आज जगाला ठाऊक आहे ते निराळ्या कारणाने: युद्धकाळात त्यांनी व त्यांच्या पत्नीने रिकाम्या पिंजऱ्यांत आणि आपल्या घरात शेकडो ज्यू लपविले व वाचविले. १९४४ च्या वॉर्सॉच्या उठावात ते लढले, जखमी झाले, कैदेत गेले. परत आल्यावर या गृहस्थांनी हाती घेतलेल्या कामांत एक होते झुब्रांच्या वहीचे. कोणते जनावर बाँबहल्ल्यात मेले, कोणते खाल्ले गेले, कोणते जिवंत आहे, याचा देशोदेशी पत्रे लिहून छडा लावला गेला आणि १९४७ मध्ये युद्धोत्तर पहिली आवृत्ती निघाली. ज्यांनी माणसे लपविताना कोठेही लेखी नोंद राहू नये याची दक्षता घेतली, त्यांनीच जनावरांची एकही नोंद गहाळ होऊ नये म्हणून खटपट केली! एकाच हाताला दोन्ही कामे साधली. ती वही आज बियावोव्येझाच्या राष्ट्रीय उद्यानाकडून प्रसिद्ध होते.

१९५२ मध्ये दोन नर कुंपणाबाहेर सोडण्यात आले. तेहतीस वर्षांनी झुब्र पुन्हा अरण्यात पाऊल टाकीत होता. १९५७ मध्ये बाहेर, मोकळ्या रानात, पहिले वासरू जन्मले. १९४६ मध्ये पोलंडने दिलेल्या झुब्रांवर सोव्हिएत बाजूनेही तसाच कळप उभा केला. पण १९८१ मध्ये सोव्हिएत सरकारने सरहद्दीवर कुंपण घातले, आणि मुळात सात पूर्वजांवर उभा असलेला वंश दोन खोल्यांत विभागला.

याच अरण्याच्या बेलारूसकडील भागात व्हिस्कुली नावाचा, ख्रुश्चेव्हच्या काळी बांधलेला, शिकारी बंगला आहे. ८ डिसेंबर १९९१ रोजी रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांच्या नेत्यांनी तेथे बसून सोव्हिएत संघ अस्तित्वात राहिलेला नाही असा करार केला. कराराचा मसुदा झाला, पण तो टंकलिखित करण्यास कोणी नव्हते. तेव्हा अभयारण्याच्या कचेरीतून एका टंकलेखिकेला तिच्या यंत्रासह बोलावून आणले. एरवी गवत, चारा आणि जनावरे यांचे तक्ते टंकित करणाऱ्या त्या बाईंनी एका महासत्तेचा मृत्युलेख टंकित केला. इतिहासकार सह्या करणाऱ्यांची नावे देतात. आमच्या मनात ते यंत्र राहून गेले आहे.

साम्राज्य गेले, कुंपण राहिले. युनेस्कोने १९७९ मध्ये पोलंडचा भाग आणि १९९२ मध्ये बेलारूसचा भाग मिळून एकच जागतिक वारसा मानला. २०१४ मध्ये त्याचे क्षेत्र चौदाशे चौरस किलोमीटरांच्या वर गेले. परंतु २०१६ मध्ये स्प्रूसवर सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्याची धाड आली आहे या सबबीवर पोलंडच्या सरकारने राखीव गाभ्याबाहेरील तोड वाढविली. ती चुकीची होती असे आमचे मत आहे. भुंगेऱ्याने मारलेले झाड हाच तीन बोटांच्या सुतारपक्ष्याचा घास असतो, आणि भुंगेरे त्या अरण्यात वनखात्याच्या आधीपासून आहेत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १७ एप्रिल २०१८ रोजी ही तोड बेकायदेशीर ठरविली. २०२२ मध्ये बेलारूसकडून येणाऱ्या निर्वासितांना अडविण्यासाठी पोलंडने सरहद्दीवर १८६ किलोमीटर लांबीची, साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभारली; तिचा एक तुकडा अरण्यातून जातो. दलदलीत आणि थंडीत त्या रानात माणसे मेली. त्यांतील कित्येकांची नावे कोणत्याही वहीत आलेली नाहीत.

झुब्रांविषयी शास्त्रज्ञांत अलीकडे एक नवा वाद आहे. काहींचे म्हणणे असे की हा मुळात अरण्याचा प्राणीच नव्हे. हिम ओसरल्यानंतर मोकळ्या गवताळ मैदानांवर तो चरत असावा, आणि शेती पसरली तसा माणसाने रेटीत रेटीत त्याला झाडांत ढकलले. जेथे तो अखेर सापडला ते त्याचे घर असे आपण समजलो. ती त्याची धर्मशाळा होती. याला पुरावा म्हणून हिवाळ्याकडे बोट दाखवितात: बर्फ पडले की अरण्यात त्याला पुरेसे खाणे मिळत नाही व तो शेतांकडे वळतो. म्हणून उद्यानाचे लोक ठरलेल्या जागी गवताच्या गंजी घालतात. झुब्र तेथे गोळा होतात, आणि तेव्हाच त्यांची शिरगणती उरकून घेतात.

जगातील मोकळ्या झुब्रांची संख्या २००३ मध्ये सुमारे १८०० होती, ती २०१९ मध्ये ६२०० च्या वर गेली, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याला धोक्यातील प्राण्यांच्या वर्गातून एक पायरी वर चढविण्यात आले. बियावोव्येझाच्या पोलिश भागातील अलीकडच्या शिरगणतीत आकडा सातशेच्या पुढे गेलेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर साऱ्या अरण्यात होते साधारण तितके. नर किती, माद्या किती, त्या वर्षीची वासरे किती, हे रकाने त्यात आहेतच.